पाय टेकायला हवेत : पहिल्या मोटारसायकलीविषयी

आमच्याकडे पहिली मोटारसायकल एकट्याची नसते. पुण्या-मुंबईच्या पोराची असेल. तो स्वतःच्या पगारातून स्वतःच्या मापाची घेत असेल. पांढुर्ण्यात किंवा सौंसरमध्ये दसऱ्याच्या दिवशी शोरूमच्या दारात घटकाभर उभं राहून पाहा. गाडी एक आणि ती घ्यायला आलेली माणसं सहा. बाप ॲव्हरेज विचारतो. काका रिसेल विचारतो. आई मागच्या सीटवर हात फिरवून बघते, लुगडं सावरून बसता येईल का याचा अंदाज घेते. आजोबांच्या डोक्यात फवारणीचा पंप, तो बांधायचा कुठे? धाकटी बहीण रंगावर अडून बसते. आणि ज्याच्या नावाने हा सगळा खटाटोप, तो नुकताच अठरा पूर्ण झालेला पोरगा कोपऱ्यात उभा राहून मोबाइलवर भलत्याच गाडीचा फोटो बघत असतो.

सगळं विचारून होतं. याला ही गाडी सांभाळता येईल का, हे तेवढं कुणी विचारत नाही. राहून गेलेल्या त्या प्रश्नासाठी ही पुस्तिका आहे.

इथली गाडी पगारावर येत नाही, बहारावर येते. आंबिया बहाराचा बगीचा व्यापाऱ्याने ठरवला, इसार हातात पडला, की दसरा-दिवाळीला गाड्यांची गर्दी. कापसाचा पहिला वेचा विकला की आणखी थोडी. मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतो, मग गुढीपाडव्याचा मुहूर्त. वर्षाचा पैसा एकदम येतो, म्हणून निर्णयही एकदमच, एका दुपारी आणि सगळ्या घराचा मिळून होतो. त्याला मी नावं ठेवणार नाही. 'आपल्या व्यक्तिमत्त्वाला साजेशी गाडी निवडा' असला सल्ला शहरी मासिकांत वाचला की मला हसू येतं. आमच्या गाडीला एका दिवसात पाच जणांची व्यक्तिमत्त्वं ओढायची असतात: पहाटे दूध, दहाला कॉलेज, दुपारी वावर, संध्याकाळी दवाखाना, आणि शनिवारी जामसावळीचा मारुती. गाडी घराची असणार हे मला मान्यच आहे. पण तिच्यावर शिकणार एक जण, आणि पडणारही तोच. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की कामं घराची बघा, माप मात्र शिकणाऱ्याचं घ्या.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. १९८८ साली, मास्तरकी लागून दोन वर्षं झाली होती, तेव्हा नागपूरहून एक जुनी टू-स्ट्रोक गाडी आणली. विकणाऱ्याने पहिल्या किकेत सुरू करून दाखवली आणि मी तिच्या आवाजावर भाळलो. बसल्यावर माझ्या दोन्ही पायांची नुसती बोटं टेकत होती. ते मी कुणाला सांगितलं नाही. त्या काळी नागपूर–छिंदवाडा रेल्वे नॅरोगेजची होती आणि माझ्या शाळेच्या वाटेवरच्या फाटकात रूळ रस्त्याला तिरपे जात. श्रावणातली रिपरिप चालू होती. रूळ ओले म्हणून मी वेग कमी केला, कमी करता करता गाडी उभीच राहिली, डावा पाय टेकवायला गेलो तर जमीन वीतभर खाली. माणूस आणि गाडी दोघंही अगदी सावकाश आडवे झालो. फाटकवाल्याने आणि दोन गुराख्यांनी मला बाहेर काढलं. सायलेन्सरने पोटरीवर दिलेला डाग अजून आहे. गाडीचं नाव सांगत नाही. दोष तिचा नव्हताच.

पुढे पुतणे, भाचे, शाळेतली पोरं अशा कितीतरी जणांना मी गाडी शिकवली आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. नवशिका वेगात असताना सहसा पडत नाही. तो पडतो उभ्या-उभ्या. वळवून घेताना, चढावर थांबताना, पेट्रोल पंपावर रेतीत पाय सरकल्यावर, मागे बसलेल्या आजीने एकाएकी अंग झुकवल्यावर. चाक फिरत असतं तोवर गाडी स्वतःला सावरते. चाक थांबलं की तिचं सगळं वजन तुमच्या एका पायावर येतं.

आता आकडे बघा. स्प्लेंडरचं वजन सुमारे ११२ किलो, सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटर. बुलेट ३५० चं वजन १९५ किलोच्या आसपास, सीट ८०५ मिलिमीटर. उंचीत फरक जेमतेम वीस मिलिमीटरचा, म्हणून पोरं म्हणतात, 'काका, पाय तर टेकतात ना!' टेकतात. पण वजनात फरक ८० किलोंच्या वर आहे. संत्र्याची चार भरलेली कॅरेटं समजा. गाडी सरळ उभी असते तोवर ही चार कॅरेटं जाणवत नाहीत, ती कलली की एकदम मांडीवर येतात. त्यामुळे शोरूममध्ये गुळगुळीत फरशीवर बसून बघण्याला मी फारसा अर्थ देत नाही. नुसत्या टाचा टेकणंही पुरेसं नाही. ज्याची असेल त्याची तीच गाडी अर्धा तास मागून घ्या, इंजिन बंद ठेवा, आणि आपल्याच अंगणातून, उताराच्या विरुद्ध, मागे ढकलून बाहेर काढा. मग डबल स्टँडवर चढवा. दम लागला तर ती गाडी अजून तुमची नाही. दोन वर्षांनी होईल कदाचित. मोटारसायकल आयुष्यात एकदाच घ्यायची असते असं कुठे लिहिलंय?

आमचा भाग गाडी चालवायला हलक्या गाड्यांवरच शिकला होता खरं तर. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये ५० सीसीची लूना काढली आणि सायकलवरून थेट त्या लूनावर आलेले मास्तर, ग्रामसेवक, दूधवाले मी पाहिले आहेत. तिला गिअरच नव्हता आणि बंद पडली तर पायडल मारत घरी येता यायचं. फटफटी म्हणजे त्या वेळी राजदूत नाहीतर बुलेट, आणि ती गावात एक-दोन घरी. चित्र पालटलं ते १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आल्यावर. फोर-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही आणि लीटरला पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं एवढं अंतर. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि पुढची तीस वर्षं तिने इथला प्रत्येक रस्ता, प्रत्येक पांदण पाहिली. हिरो आणि होंडा वेगळे होऊनही दशक लोटलं, आमची माणसं मात्र अजून 'हिरो होंडा'च म्हणतात. एक्सएल मोपेडला तर कुणी मोटारसायकल म्हणतच नाही. पण नव्वद किलोंच्या आत-बाहेरची ती गाडी पुढे पोतं, मागे पंप घेऊन बगीच्यात जिथे जाते तिथे भल्याभल्या गाड्या रुततात.

मग आल्या मोठ्या टाकीच्या, रुंद टायरच्या गाड्या. त्यांच्याशी माझं वैर नाही. त्यांच्यावर शिकायला बसणाऱ्यांशी आहे.

गिअरबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण पुस्तिकेत त्याला दीड पानच मिळालं आहे. बापाच्या स्प्लेंडरवर न्यूट्रलपासून पुढे चारही गिअर पंजाने दाबूनच पडतात. बऱ्याच दीडशे सीसीच्या गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर. घरच्या गाडीवर शिकलेला पोरगा मित्राची गाडी घेऊन घाईत निघतो, चौथा टाकायचा म्हणून पंजा दाबतो आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येतो; मागचं चाक क्षणभर धरतं. मेंदू नवीन गोष्ट शिकतो, पाय जुनीच आठवतो. आमच्या वेळी हे प्रकरण याहून भारी होतं: जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या, येझदीची किकच पुढे पाडली की तिचा गिअर व्हायचा, आणि स्कूटरचा तर हातात. म्हणून पहिली गाडी घेताना घरात आधीची जी गाडी आहे तिच्यासारखा गिअर बघा. पहिल्या वर्षात तुम्ही दोन्ही चालवणार.

रस्त्यांवर मात्र मी पानंच्या पानं लिहिली आहेत, कारण गाडी शोरूममध्ये राहणार नाही. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला, तरी आपलं अर्धं आयुष्य जिल्ह्याबाहेरच जातं. बाजार, दवाखाना, कॉलेज नागपूरला. सोयरिकी सावनेर, काटोल, वरुडला. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा आपण मध्य प्रदेशात राहिलो. पण घरातली भाषा आणि गाडीचं तोंड दक्षिणेकडेच राहिलं. त्यामुळे इथल्या नवशिक्याला पहिल्या महिन्यातच चार तऱ्हेचे रस्ते भेटतात.

एक, नागपूर–बैतूल चौपदरी. तो सरळ आणि गुळगुळीत आहे, म्हणून पोरांना सोपा वाटतो. ताशी ५० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते, म्हणजे समोर काही दिसल्यापासून हात ब्रेकवर पोचेपर्यंत एक मोठं अंगण ओलांडून झालेलं असतं. त्यात आपली माणसं दुभाजकाची फट लांब पडते म्हणून उलट्या बाजूने येतात. तुम्ही ८० ने, तो ४० ने. दोघांमधलं अंतर सेकंदाला ३३ मीटरने तुटतं. नवी गाडी कितीही मजबूत असू दे, या हिशेबात ती बसत नाही. पहिले तीन महिने चौपदरीवर जाऊच नका, असं मी सरळ लिहिलं आहे. प्रकाशनाआधी वाचणाऱ्यांनी 'हे शक्य आहे का?' म्हणून विचारलं. नसेलही. तरी ते वाक्य मी काढलेलं नाही.

दुसरा रस्ता घाटाचा. सौंसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानी घाट लागतो, आणि घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचं ही आपल्याकडे बापाने पोराला दिलेली विद्या आहे. ती विसरा. गिअरमध्ये असलेलं इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं. न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर, आणि शंभर सीसीच्या गाडीचे ड्रम ब्रेक लांब उतारावर तापून ढिले पडतात. ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा.

तिसरा, पांदण. काळ्या मातीची पांदण पावसाळ्यात काय असते ते आपल्या कास्तकाराला मी काय सांगू? चिखल मडगार्डमध्ये भरतो, चाक फिरायचं थांबतं, चप्पल मातीत राहते. तिथे हॉर्सपॉवर काही कामाची नाही. हलकी गाडी आणि मडगार्ड-टायरमधली चार बोटं जागा कामाची. आणि चौथा रस्ता गावातला, आठवडी बाजाराच्या दिवशीचा, जिथे हाफ क्लचवर चालवता येणं एवढीच परीक्षा.

ब्रेकविषयी आपल्याकडे एक जुनी भीती आहे. 'पुढचा दाबू नको, उलटशील.' मलाही असंच शिकवलं होतं. खरं असं, की गाडी थांबताना भार पुढे झुकतो, मागचं चाक हलकं होतं, आणि थांबवण्याचं मोठं काम पुढचंच चाक करतं. ज्याने पुढचा ब्रेक कधी वापरलाच नाही तो ऐन वेळी मागचा गच्च दाबतो आणि सरपटत जातो. पुढचा ब्रेक सरळ गाडीत, हळूहळू पिळत वापरायचा. वळणावर, रेतीत, चिखलात जपून. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत दोन्ही ब्रेक जोडलेले किंवा एबीएस, आणि त्यावरच्या गाड्यांत एबीएस सक्तीचं झालं, ते याच भीतीवरचं औषध आहे. जुनी गाडी घेणार असाल तर आरसीवरचं साल बघा; २०१९ च्या आधीची शंभर सीसी असेल तर ही सोय बहुतेक नसणार. जाता जाता, हेडलाइटचंही तसंच. १ एप्रिल २०१७ पासून नव्या गाडीचा दिवा दिवसाही जळतो आणि बंद करायचं बटणच नसतं. तरी इतकी वर्षं झाली, समोरून येणारा प्रत्येक दुसरा काका बोटं उघडझाप करून 'लाइट चालू आहे' म्हणून खुणावतोच. किती आपुलकीची माणसं आहेत ही!

जुन्या गाडीवरून आठवलं. आमच्याकडे सेकंडहँड गाडी म्हणजे बहुतेकदा नागपूरची, पाटीवर एमएच ३१ नाहीतर एमएच ४०. शिकायला जुनी गाडी उत्तम, असं माझं ठाम मत आहे. पडली तर जीव हळहळत नाही. पण राज्य बदलतं तिथे कागद बदलतात, आणि पोरं नेमकी इथेच फसतात. मालक सही केलेले कोरे फॉर्म देतो, 'बाकी तुम्ही करून घ्या' म्हणतो, आणि गाडी वर्षानुवर्षं त्याच्याच नावावर फिरते. अपघात झाला तर नोटीस त्याला, भरपाईचं लचांड दोघांना. कायदा सांगतो, दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र आधी हवं. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याचंही हवं. मध्य प्रदेशचा कर भरावा लागतो. विमा आपल्या नावावर करून घ्यायला चौदा दिवस. हे सगळं जमेस धरून जुनी गाडी स्वस्त पडते का ते बघा. बऱ्याचदा आपल्याच एमपी २८ ची, पाच हजार जास्त देऊन घेतलेली गाडी शेवटी स्वस्त ठरते.

नव्या गाडीचा हिशेब वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा मोठ्या गाडीचा मोह आणखी वाढला आहे. हप्त्यावर घेताना 'आठच टक्के व्याज' असं कुणी म्हणालं तर पाटी-पेन्सिल घ्या. साठ हजारांवर तीन वर्षं आठ टक्क्यांनी सरळ व्याज म्हणजे १४,४००, एकूण ७४,४००, महिन्याला साधारण २,०६७. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या साठ हजारांवर. बँकेच्या घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर साडेचौदा टक्क्यांच्या आसपास जातो. मी गणिताचाच मास्तर होतो, तरी पहिल्यांदा हे मला बायकोने दाखवलं.

मुलींसाठी या पुस्तिकेत वेगळं प्रकरण नाही, आणि ते मी मुद्दाम केलं आहे. आपल्याकडे मुलाला मोटारसायकल आणि मुलीला स्कूटी हे ठरलेलंच. स्कूटी वाईट नाही. पण घरी दारात उभी असते ती बापाची गिअरची गाडी, आणि रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर तीच असते. माझ्या पुतणीला मी कृषी उपज मंडीच्या मोकळ्या आवारात, हंगाम नसताना, जुन्या शंभर सीसीवर शिकवलं. दोनदा पाडली, एक इंडिकेटर फुटला, क्लचची दांडी वाकली. खर्च दोनशे रुपयांच्या आत. हीच दोन पडणी मोठ्या गाडीवर झाली असती तर घरात महिनाभर तोच विषय असता आणि तिने पुन्हा हात लावला नसता. पहिली गाडी कशी पळते याहून कशी पडते आणि उभी करायला काय लागतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मागे बसणाऱ्यांविषयी एक विनंती. मागच्या चाकाची जाळी, ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो, ती पोरं पहिल्याच आठवड्यात दिसायला नको म्हणून काढतात. मागे हाताला धरायला काहीतरी, पाय ठेवायला जागा आणि मागचं निम्मं चाक झाकणारं संरक्षण हे मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. पदर आणि ओढणी चाकात गेल्यावर काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना नियमाची गरज नाही.

आणि हेल्मेट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. गोटमारीची ही चाल पिढ्यान्‌पिढ्यांची. डोक्यात दगड बसला की काय होतं हे ज्या गावाला कुणी शिकवायला नको, त्याच गावात हेल्मेट आरशाला टांगलेलं असतं आणि सावनेर जवळ आलं की डोक्यावर चढतं. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत दर शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची. हेल्मेट घेताना आयएसआय खूण बघा आणि गाडीच्या हिशेबातच त्याचे पैसे धरा. दोन घ्या. मागे आई बसणार आहे.

लायसन्सचं थोडक्यात: गिअरच्या गाडीला अठरा वर्षं पूर्ण हवीत, आधी लर्निंग, ते सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनंतर पक्क्यासाठी अर्ज करता येतो. अल्पवयीन पोराच्या हातून मोटार वाहन कायद्याखालचा गुन्हा घडला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड आहे. 'आमचा लहानपणापासूनच चालवतो' असं कौतुकाने सांगणाऱ्या बापांसाठी हे वाक्य ठळक छापायला सांगितलं आहे.

कुठली गाडी घ्यावी, याचं एका नावाचं उत्तर या पुस्तिकेत शोधाल तर सापडणार नाही. मॉडेलं दर वर्षी बदलतात आणि तुमचे पाय बदलत नाहीत. मला कुणी फारच खनपटीला बसून विचारलं तर मी शंभर ते सव्वाशे सीसी, एकशेवीस किलोंच्या आतली, आणि जिचा मेकॅनिक आपल्या चौकात आहे ती, एवढं म्हणतो आणि चहा मागवतो.

हस्तलिखित मी सर्वांत आधी आमच्या चौकातल्या मेकॅनिकला दिलं. तीस वर्षं त्याने आमच्या गावच्या गाड्या उघडल्या आहेत. त्याने चार दिवस ते काळ्या बोटांनी चाळलं आणि परत देताना एकच हरकत घेतली. म्हणाला, "सर, सगळं बराबर हाय. पण टायरातल्या हवेचं तुम्ही पार शेवटी काऊन टाकलं? माझ्याकडं जे येते ना, त्यातलं अर्धं तिथूनच येते." त्यामुळे आता हवेचं प्रकरण पहिलं आहे आणि हातांचे ठसे असलेली ती प्रत मी जपून ठेवली आहे.

सौंसर, विजयादशमी